अंक वाढवण्याआधी बुटाचा सोल पाहा

प्रश्न : माझे वय ५१ वर्षे, उंची १६६ सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो आहे. पंधरा वर्षे मी आखलेल्या, यंत्राने दाबलेल्या उतारांवर स्कीइंग करत आले आहे. गेल्या दोन हंगामांपासून मात्र उताराच्या खुणांपलीकडच्या मोकळ्या बर्फात उतरण्याची गोडी लागली आहे. बहुतेक दिवशी आम्ही लिफ्टनेच वर जातो. हंगामात तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास चढावे लागते. मागच्या वर्षी खोल बर्फात वळण घेताना, मी पडलेही नव्हते, तोच डावी स्की पायातून सुटली आणि ती शोधण्यात पाऊण तास गेला. आता मी मधल्या अरुंद भागात, म्हणजे स्कीच्या कमरेशी, ९८ मिलिमीटर रुंद असलेल्या नव्या स्की घेतल्या आहेत आणि त्यांवर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी यंत्रणा, बसवायचे आहे. बूट दोन वर्षांपूर्वी घेतलेले, ग्रिपवॉक सोलचे आहेत. सोलची लांबी २९७ मिलिमीटर आहे आणि त्यांना पिनची भोके नाहीत. जुने बाइंडिंग दहा-बारा वर्षांचे आहे. मैत्रीण म्हणते, ऑफ-पिस्टसाठी, म्हणजे अशा मोकळ्या बर्फासाठी, पिन बाइंडिंगच घे. दुकानदार म्हणतो, स्की सुटू नये म्हणून ६ ते १६ अंकांचे दणकट बाइंडिंग घ्या. नेमके काय घ्यावे? स्की पायाला दोरीने बांधावी का? आणि जुनेच बाइंडिंग नव्या स्कीवर बसवले तर चालेल का?

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नांपेक्षा आपण जाता जाता सांगितलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. बूट दोन वर्षांपूर्वीचे आणि बाइंडिंग दहा-बारा वर्षांचे. मागच्या हंगामात सुटलेल्या स्कीचा दोष आपण आणि दुकानदार दोघेही स्प्रिंगच्या अंकावर, म्हणजे बूट किती घट्ट धरायचा त्या मापावर, टाकत आहात. मला मात्र आधी या बेमेळ जोडीवर संशय घ्यावासा वाटतो.

अल्पाइन बुटाचा पारंपरिक सोल आयएसओ ५३५५ या मानकाप्रमाणे घडवलेला असतो: सपाट, कडक प्लॅस्टिकचा आणि चवड्याशी व टाचेशी ठरावीक जाडीचा. ग्रिपवॉक सोलचे मानक वेगळे आहे, आयएसओ २३२२३. चालताना पाय सहज पुढे कलावा म्हणून हा सोल किंचित वक्र असतो, त्याला रबर लावलेले असते आणि चवड्याशी त्याची उंचीही सपाट सोलसारखी नसते. आता बाइंडिंगच्या पुढच्या भागात, म्हणजे टोपीसमध्ये, बुटाखाली एक छोटी गुळगुळीत पट्टी असते. पाय पिळला गेला की बूट त्या पट्टीवरून आडवा सरकून बाहेर निसटावा, एवढेच तिचे काम. पण त्यासाठी सोल आणि पट्टी यांचे अंतर अगदी बरोबर असावे लागते. ग्रिपवॉक येण्याआधीच्या बऱ्याच बाइंडिंगमध्ये ही उंची बदलण्याची सोयच नाही. अशा बाइंडिंगमध्ये ग्रिपवॉक बूट दाबून बसवला की तो ‘कट्’ असा आवाज करून बसतो खरा, परंतु आतमध्ये फट राहते किंवा घर्षण वाढते, आणि मग स्की कधी सुटेल याचा भरवसा उरत नाही. आपली स्की नको तेव्हा सुटली हे त्यातल्या त्यात बरे झाले. याच बेमेळामुळे ती हवी तेव्हा सुटली नसती, तर आपले पत्र कदाचित प्लॅस्टर घातलेल्या पायानिशी लिहिले गेले असते.

दुसरी शक्यता अधिक साधी आहे आणि ती तपासायला कोणत्याही दुकानात जावे लागत नाही. मोकळ्या उतारावर मध्येच थांबून आपण स्की काढली आणि परत घातली होती का, ते आठवून पाहा. बर्फात चार पावले टाकली की सोलखाली, विशेषतः टाचेच्या खोबणीत, बर्फाचा थर दाबून बसतो आणि पाहता पाहता त्याचा गोटा होतो. त्यावरच टाच दाबली की हीलपीसची, म्हणजे बाइंडिंगच्या टाचेकडच्या भागाची, खिट्टी अर्धवट बसते, पण आवाज पूर्ण बसल्यासारखाच येतो. मीही एकदा घाईत असाच बूट अडकवून निघालो, तिसऱ्या वळणाला उजवी स्की खाली राहिली आणि मी एकटाच पुढे गेलो. त्या दिवशी बाइंडिंगची काही चूक नव्हती, चूक माझी होती. तेव्हापासून मी उताराला आडवा उभा राहून आधी पायाने बर्फ दाबून ओटा करतो, काठीच्या टोकाने सोल खरवडतो, टोपीसमधला बर्फही काढतो, खालच्या बाजूची स्की आधी घालतो आणि मग टाच दोन-तीनदा उचलून पाहतो. एवढ्याने मिनिटभर जाते आणि मागचे लोक कुरकुर करतात. त्यांना कुरकुर करू द्यावी.

तिसरी गोष्ट पुढच्या दाबाची. हीलपीस एका रुळावर स्प्रिंगच्या जोरावर बुटाला मागून पुढे रेटत असतो. खोलगट जागेतून जाताना स्की धनुष्यासारखी वाकते, टोपीस आणि हीलपीस यांच्यातले अंतर कमी होते, हीलपीस मागे सरकतो आणि स्की सरळ झाली की पुन्हा पुढे येतो. नवे बूट घेतल्यावर हा दाब नव्या सोलच्या लांबीनुसार पुन्हा लावून घ्यावा लागतो आणि हीलपीसवरची खूण नेमून दिलेल्या पट्ट्यात आली की नाही, हे पाहावे लागते. हा दाब ढिला असेल तर अंक कितीही वाढवा, स्की निघतच राहील.

आता अंकाबद्दल. ज्याला सगळे डीआयएन म्हणतात, तो अंक बाइंडिंग किती चांगले आहे हे सांगत नाही आणि उतरणारा किती शूर आहे हेही सांगत नाही. किती पीळ किंवा किती ओढ बसल्यावर बुटाला मोकळे करायचे, एवढेच तो ठरवतो. तो आयएसओ ११०८८ या मानकातल्या तक्त्यावरून काढतात आणि त्यासाठी वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्कीइंगची पद्धत या पाच गोष्टी विचारात घेतात. पद्धतीचे मुख्य प्रकार तीन आहेत: सावकाश व जपून उतरणारे, मध्यम आणि वेगाने व जोर लावून उतरणारे. सोलच्या लांबीचा संबंध तरफेशी आहे. बूट लांब असेल तर त्याच पिळाला टोकाशी कमी बळ पुरते, म्हणून अंक खाली येतो. वयाची ५० वर्षे पूर्ण झाली की तक्त्यात एक ओळ वर, म्हणजे कमी अंकाकडे सरकायचे असते, आणि हा नियम आपल्याला लागू होतो. आपली माहिती तक्त्यात घालून पाहिली, तर मध्यम पद्धतीसाठी उत्तर ४ च्या आसपास येते आणि जोरकस पद्धतीसाठी ५ च्या जवळ जाते. नेमका अंक तंत्रज्ञाने आपल्यासमोर तक्त्यावरून काढावा. मी हा अंदाज दिला तो केवळ एवढ्यासाठी, की ६ ते १६ अंकांच्या बाइंडिंगवर आपला अंक लावताच येत नाही हे आपल्या ध्यानात यावे. त्या बाइंडिंगचा स्क्रू अगदी शेवटपर्यंत सैल केला तरी ते आपल्या पायासाठी जास्तच घट्ट राहील. ते स्पर्धकांसाठी, वजनदार माणसांसाठी आणि कड्यांवरून उड्या घेणाऱ्यांसाठी केलेले असते.

ऑफ-पिस्टला अंक मोठा हवा, हा समज कुठून आला ते मला समजते. खडकाळ चिंचोळ्या घळीत स्की निघणे जिवावर बेतू शकते, म्हणून तिथे उतरणारी काही अनुभवी मंडळी अंक मुद्दाम वाढवून घेतात, आणि तो धोका पूर्ण जाणून पत्करतात. परंतु भुसभुशीत बर्फात पडताना बहुधा वेग कमी असतो आणि पीळ सावकाश बसतो. स्कीचे टोक बर्फाखाली अडकते, शरीर पुढे जाते आणि गुडघा मध्ये सापडतो. सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण गेल्या काही दशकांत खूपच घटले, पण गुडघ्याच्या अस्थिबंधांना, विशेषतः मागे पडताना, तसे संरक्षण मिळालेले नाही. त्या बंधांवर ताण येतो तो नेहमीच्या बाइंडिंगला जाणवतच नाही. एवढी मर्यादा असलेल्या यंत्राचा स्क्रू वयाच्या ५१ व्या वर्षी आणखी आवळावा, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

स्की उगाच निघू नये यासाठी अंकापेक्षा ज्याकडे पाहावे ते म्हणजे बाइंडिंगची लवचीक चाल. चांगल्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये धक्का बसला की बूट काही मिलिमीटर बाजूला किंवा वर सरकतो आणि धक्का ओसरताच स्प्रिंग त्याला मध्यावर परत आणते. मऊ बर्फाखाली लपलेला जुना गोठलेला चर लागला की याच चालीमुळे पाय स्कीवर टिकतो. जिथे ही चाल तोकडी असते, तिथे प्रत्येक धक्का सरळ सुटण्याच्या उंबरठ्यावर जाऊन आदळतो.

मैत्रिणीचा सल्ला वाईट नाही; फक्त तो तिच्या पायांना आणि तिच्या बुटांना लागू आहे. पिन बाइंडिंग ही १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी घडवलेली कल्पना आहे आणि डायनाफिटने ती बाजारात आणली. बुटाच्या चवड्याला दोन्ही बाजूंनी पोलादी खाचा बसवलेल्या असतात. टोपीसच्या दोन पिन त्यांत शिरतात आणि बूट बिजागरीसारखा फिरू लागतो. चढताना टाच मोकळी असते, स्की बर्फावरून घसरवत न्यायची असते, उचलायची नसते, आणि दर पावलाला वाचलेले काही ग्रॅम दिवसाअखेर पायांना कळतात. हलके पिन बाइंडिंग एका पायाला ३०० ग्रॅमच्या आसपास भरते, तर साधे अल्पाइन बाइंडिंग किलोभर. पण त्याची किंमत उतरताना मोजावी लागते. पारंपरिक पिन बाइंडिंगमध्ये बाजूने आणि वरच्या दिशेने सुटण्याची दोन्ही कामे टाचेकडचा भागच करतो, लवचीक चाल कमी असते आणि बूट कडक धातूच्या टोकांवर उभा असल्याने गोठलेल्या बर्फाची खरखर थेट पायात येते. शिवाय त्यावर छापलेला अंक नेहमीच प्रमाणित असतो असे नाही. टूरिंग, म्हणजे चढाईच्या, बाइंडिंगचे मानक आयएसओ १३९९२ आहे आणि सगळीच हलकी मॉडेले त्यातून पार झालेली नसतात, म्हणून तिथला ५ आणि अल्पाइन बाइंडिंगवरचा ५ एकच आहे असे धरून चालू नये. चढताना टोपीस कुलूपबंद करतात. काही जण उतरतानाही ते तसेच ठेवतात, म्हणजे सुटण्याची वाटच जवळजवळ बंद करतात. हिमस्खलनात पायाला घट्ट राहिलेल्या स्की नांगरासारख्या माणसाला खाली ओढतात, हे लक्षात घेतले तर ही सवय किती घातक आहे ते वेगळे सांगायला नको.

दोन्हींचा मेळ घालू पाहणारी संकरित बाइंडिंगही आहेत. सालोमनचे शिफ्ट २०१८ मध्ये आले. ते चढताना पिनवर चालते आणि उतरताना त्याचा टोपीस अल्पाइन होतो. त्याच्या १३ च्या आवृत्तीची अंकांची पट्टी ६ पासून सुरू होते, १० च्या आवृत्तीची ४ पासून, म्हणून कधीकाळी ते घेतलेच तर आपल्याला दुसरी आवृत्ती पाहावी लागेल. मार्करचे ड्यूक पीटीही याच कुळातले आहे, परंतु बरेच जड. या सगळ्यांत अडचण एकच: चढण्यासाठी बुटाला पिनच्या खाचा लागतात आणि आपल्या बुटाला त्या नाहीत. पिनचा हट्ट धरला तर बाइंडिंगबरोबर बूटही नवे आले, आणि पायाला नीट बसलेले बूट बाइंडिंगच्या हौसेपायी टाकून देणे मला तरी उलटी गंगा वाटते.

म्हणून माझे मत असे, की या स्कींवर आपण साधे अल्पाइन बाइंडिंग बसवावे. तीन गोष्टी पाहाव्यात. टोपीस ग्रिपवॉकला मान्य असल्याचे बाइंडिंगवर लिहिलेले असावे. सालोमनची एमएनसी आणि मार्करची सोल आयडी ही दोन्ही कुळे तर सपाट, ग्रिपवॉक व टूरिंग अशा तिन्ही सोलना जुळवून घेतात. अंकांची पट्टी ३ पासून सुरू होणारी असावी, उदाहरणार्थ ३ ते ११, म्हणजे आपला ४ किंवा ५ हा अंक पट्टीच्या अगदी टोकाला न येता थोडा आत येईल. मार्करचे स्क्वायर ११ या पट्टीत बसते, मात्र त्याची ग्रिपवॉकला मान्य असलेली आवृत्तीच घ्यावी. ४ ते १३ ची पट्टी चालवून घेता येते, पण मग आपण तिच्या काठावर राहाल. तिसरी गोष्ट ब्रेकची, म्हणजे सुटलेली स्की थांबवणाऱ्या दांड्यांची, रुंदी. स्की ९८ मिलिमीटर आहे, तेव्हा १०० किंवा ११० चा ब्रेक योग्य. स्कीपेक्षा १५ मिलिमीटरहून जास्त रुंद ब्रेक घेतला, तर कडक बर्फावर स्की कडेवर घेताना त्याची बाहेर आलेली दांडी घासते आणि वळण बिघडते.

राहिले ते चढाईचे तीन-चार दिवस. तेवढ्यासाठी अल्पाइन बाइंडिंगमध्येच बसवायचे अडॅप्टर मिळतात. बूट अडॅप्टरमध्ये आणि अडॅप्टर बाइंडिंगमध्ये, अशी रचना असते. त्यामुळे टाच मोकळी होते, स्कीखाली मागे घसरू न देणाऱ्या चढाईच्या पट्ट्या लावायच्या, माथ्यावर पोहोचल्यावर अडॅप्टर काढून पाठपिशवीत टाकायचे. ते जड असतात आणि तासन्‌तास चढण्याच्या कामाचे नाहीत, पण अर्ध्या-पाऊण तासाला पुरतात. घेण्याआधी आपला सोल त्यांत बसतो का, तेवढे पाहून घ्यावे. दुसरा जुना मार्ग म्हणजे फ्रेम बाइंडिंग, ज्यात टोपीस-हीलपीससकट सगळा सांगाडाच दर पावलाला उचलला जातो. ते भाड्याने मिळाले तर एखाद्या दिवसापुरते ठीक, विकत घेण्याजोगे मला आता वाटत नाही. पुढे कधी आपल्या चढाया दोन-तीन तासांच्या होऊ लागल्या आणि बूटही झिजले, तर तेव्हा पिनच्या खाचांचे बूट आणि मैत्रिणीचा सल्ला असे दोन्ही एकदमच घ्यावे.

बसवणी घरी करू नये. भोके पाडण्यासाठी त्या-त्या मॉडेलचा साचा लागतो, ड्रिल स्कीच्या घडणीप्रमाणे ३.५ किंवा ४.१ मिलिमीटर व्यासाचे आणि साधारण ९ मिलिमीटर खोल जाणारे लागते, आणि हात चुकला तर भोक स्कीच्या तळातून बाहेर येते. बूट बरोबर घेऊन जावे, दोन्ही. बुटाच्या मध्याची खूण स्कीवर निर्मात्याने दिलेल्या रेषेवर ठेवायला सांगावे. रुंद स्कींची ही रेषा मुळातच थोडी मागे असते, म्हणून टोक तरंगावे यासाठी आणखी मागे सरकवण्याची गरज नसते. काम झाल्यावर स्की कोणत्या पिळाला खरोखर सुटते ते मोजणाऱ्या यंत्रावर तपासून मागावे. बाइंडिंगवरच्या अंकाच्या खिडकीत ४ दिसणे आणि ४ ला सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही तपासणी दर हंगामाच्या सुरुवातीला करून घ्यावी.

स्की पायाला बांधू नये. पडल्यावर बांधलेली स्की गिरक्या घेत अंगावरच येते, आणि हिमस्खलनात तर सुटलेली स्कीही पुन्हा नांगरच होते. त्याऐवजी भडक रंगाची दीड-दोन मीटरची फीत बाइंडिंगला बांधून पँटच्या पायात नुसती खोचून ठेवावी. स्की सुटली की फीत पायातून ओघळते आणि बर्फावर तिचे शेपूट दिसते. ब्रेकवर इथे भरवसा ठेवू नये, तो दाबलेल्या उतारावर स्की थांबवतो, मोकळ्या बर्फात स्की पृष्ठभागाखाली शिरते. शोधताना बहुतेक जण आपण थांबलो तिथून खाली पाहतात. स्की मात्र बहुधा जिथे सुटली तिथेच, म्हणजे आपल्या वर राहिलेली असते. तिथवर चढून दुसऱ्या स्कीच्या मागच्या टोकाने उताराला आडव्या, जवळजवळच्या रेघा कापत गेले की ती कुठेतरी ठोकर देते. आपली पाऊण तासात सापडली, हे नशीबच म्हणायचे. आणि खुणांपलीकडे जाताना ट्रान्सिव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याचा संकेत पाठवणारे व शोधणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) व फावडे ही तिन्ही प्रत्येकाजवळ नसतील आणि ती वापरण्याचा सराव झालेला नसेल, तर बाइंडिंगची खरेदी खुशाल एक हंगाम पुढे ढकलावी.

जुने बाइंडिंग नव्या स्कीवर नको. ते आपल्या बुटाला जुळत नाही असे मला वाटते, हे एक कारण. शिवाय निर्माते जुन्या मॉडेलांची जबाबदारी काही वर्षांनी सोडून देतात आणि मग बरेच तंत्रज्ञ त्याला हात लावत नाहीत. आत्ता ते ज्या स्कीवर आहे, तिच्यावरच राहू द्यावे, आणि सपाट सोलचे आधीचे बूट अजून घरात असतील तर तंत्रज्ञाकडून ते त्या बाइंडिंगमध्ये बसवून, मोजून घ्यावेत. मोजणीत ते उतरले, तर दाबलेल्या उतारावरच्या एखाद्या संध्याकाळी ती जोडी वापरता येईल. न उतरले, तर ते स्कीवरून काढूनच टाकावे, कोणाला देऊ नये.